दोष मागात की पुठ्ठ्यात?

सोलापूरच्या पूर्वभागातल्या एखाद्या चादरीच्या कारखान्यात शिरलात, तर पहिली दोन मिनिटे काही सुचत नाही, इतका मागांचा खडखडाट असतो. कानांना सवय झाली की मान वर करावी. मागाच्या डोक्यावर, लोखंडी चौकटीत, जाड पुठ्ठ्यांची एक लांबलचक माळ लोंबत असते. पुठ्ठ्यांना ओळीने भोके पाडलेली असतात. एक आडवा धागा विणला गेला की माळेतला एक पुठ्ठा पुढे सरकतो, आणि खाली कापडावर मोर, कमळ किंवा खुद्द कारखान्याचे नाव बोटबोट उमटत जाते. अलीकडे काही ठिकाणी पुठ्ठ्यांची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्राने घेतली आहे. पण मुलांना घेऊन जायचे असेल तर पुठ्ठेवाला माग शोधावा, कारण त्यात सारे डोळ्यांना दिसते.

या यंत्राला जॅकार्ड म्हणतात. फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या जोसेफ मारी जॅकार्डने ते १८०४ मध्ये सिद्ध केले. त्याच्या आधी बूशाँ, फाल्कन, व्होकाँसाँ अशा काही मंडळींनी भोके पाडलेला कागद मागाला लावून पाहिला होता. जॅकार्डने त्यांच्या कल्पना एकत्र आणून रोजच्या कामाला टिकेल असे यंत्र केले. रचना अगदी सरळ आहे. प्रत्येक उभ्या धाग्याला वर एक हुक आणि त्या हुकाला एक आडवी सुई. पुठ्ठा सुयांच्या टोकांवर दाबला जातो. सुईसमोर भोक असेल तर सुई आत शिरते, हुक जागेवर उभा राहतो, आणि वर जाणारी पट्टी त्याला उचलते. धागा वर येतो. भोक नसेल तर पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, हुक पट्टीवरून निसटतो, धागा खालीच राहतो. भोक आहे किंवा नाही, धागा वर किंवा खाली. तिसरा प्रकार नाही.

आता खरी गंमत. नक्षी बिघडली तर कारागीर काय करतो? तो आधी चूक कशी दिसते ते पाहतो. कापडाच्या सगळ्या लांबीभर एकच उभी रेघ चुकलेली असेल, तर दोष मागात आहे. त्या एका धाग्याचा हुक वाकला असेल, सुई अडकली असेल किंवा दोरी तुटली असेल. पण प्रत्येक मोराचा डोळाच तेवढा नाहीसा होत असेल, बाकी सारे ठीक असेल, तर दोष पुठ्ठ्यात आहे. एक भोक बुजले आहे किंवा पाडायचेच राहिले आहे. तरीही शंका उरली तर तीच माळ शेजारच्या मागावर चढवायची. तिथेही मोर आंधळाच निघाला, तर मागाला बोल लावण्यात अर्थ नाही.

वाचणाऱ्यात दोष आहे की वाचल्या जाणाऱ्या मजकुरात, हा प्रश्न मला मागापाशी कधी सोडवावा लागला नाही. तो सोडवावा लागला शाळेतल्या एका जुन्या संगणकापाशी.

कपाटातला संगणक

२००३ साली आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलांनी आपापल्या आजोबा-आजींच्या मुलाखती घेतल्या होत्या. सोलापुरातली पहिली कापड गिरणी, जिला सारे गाव जुनी गिरणी म्हणते, ती १८७७ सालची. मुलांचे आजोबा गिरण्यांत किंवा घरच्या मागावर काम केलेले. काही मुलाखती तेलुगूत, काही मराठीत, बऱ्याचशा दोन्हींची सरमिसळ. कॅसेटवर ध्वनिमुद्रण केले, मग टेपरेकॉर्डर संगणकाला जोडून ते हार्ड डिस्कवर उतरवले. एकूण अकरा मुलाखती. कॅसेटींवर पुढच्या वर्षी स्नेहसंमेलनाची गाणी चढली. आता डिस्कवर आहेच की, असे आम्हीच म्हटले होते.

२०१७ मध्ये त्या वर्गातल्या एका मुलीने त्या मुलाखती मागितल्या. तोवर बहुतेक आजोबा गेले होते. संगणक कपाटातून काढला, धूळ झटकली आणि सुरू केला. पंखा फिरला, पडद्यावर अक्षरे आली, तारीख दिसली १ जानेवारी २००२, आणि खाली ओळ आली की हार्ड डिस्क सापडत नाही. खोलीतल्या सगळ्यांचे एकमत झाले : "डिस्क गेली."

"गेली" हा शब्द विज्ञानाच्या शिक्षकाने इतक्या सहज मान्य करू नये. संगणक फक्त एवढेच म्हणत होता की मी हाक मारली आणि ओ आली नाही. हाक मारणाऱ्याचा घसा बसला असेल, मधली वाट तुटली असेल, दोघांनी एकदम ओ दिली असेल, किंवा ओ देणारा खरोखरच उरला नसेल. ही हाक आणि ओ कशी ठरत गेली हे पाहिले, की दोष शोधायचा क्रम आपोआप हाती येतो. म्हणून थोडा इतिहास.

एका शिक्षकाने घडवलेली चकती

जॅकार्डच्या पुठ्ठ्यांवरून चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्राची कल्पना घेतली, हे आपण मुलांना सांगतो. रेशमात विणलेले जॅकार्डचे एक चित्र त्याच्याकडे होते, ते विणायला सुमारे चोवीस हजार पुठ्ठे लागले होते. पुढे हर्मन हॉलरिथने अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी भोकांची कार्डे वापरली, आणि नंतरची सत्तर-ऐंशी वर्षे कार्यालयांतली माहिती अशाच कार्डांवर राहिली. त्यांची अडचण एकच, पण मोठी. माळेतला पाचशेवा पुठ्ठा हवा असेल तर आधीचे चारशे नव्याण्णव सरकवावे लागतात. मोर विणायला हे ठीक आहे, कारण मोर क्रमानेच विणला जातो. गोदामात एका वस्तूचे किती नग उरले हे बघायला ते चालत नाही.

हवी ती नोंद थेट गाठता येईल अशी चकती ज्या गटाने बनवली त्याचा प्रमुख रेनॉल्ड जॉन्सन हा मुळात शाळामास्तर. अमेरिकेत मिशिगन राज्यात तो विज्ञान शिकवत असे. पेपर तपासण्याचा कंटाळा सर्व देशांतल्या शिक्षकांना सारखाच. जॉन्सनने पेन्सिलीच्या खुणा ओळखून गुण मोजणारे यंत्र तयार केले. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते, त्यामुळे कागदावर खूण कुठे आहे हे यंत्राला कळते. असे सांगतात की लहानपणी बहिणींना भेटायला येणाऱ्या तरुणांच्या मोटारींच्या स्पार्क प्लगवर तो पेन्सिलीने रेघा ओढून ठेवी. वीज रेघेवरून निसटे, ठिणगी पडत नसे, आणि मोटार काही केल्या सुरू होत नसे. बिघाड शोधण्याआधी त्याने बिघाड घडवायचे शिक्षण घेतले होते म्हणायचे! आयबीएम कंपनीने १९३४ मध्ये त्याला नोकरी दिली, आणि १९५२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे नवी प्रयोगशाळा उभारायला पाठवले.

तिथून १९५६ मध्ये रॅमॅक हा संगणक बाहेर पडला. त्याच्या चकतीच्या भागात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि त्या मिनिटाला १२०० फेऱ्या घेत. तबकडीवर चुंबकीय लेप, आणि लेपाचा बारीकसा ठिपका या दिशेने चुंबकित की त्या दिशेने, एवढाच प्रश्न. म्हणजे पुन्हा भोक आहे की नाही, तेच. वाचणारे हेड तबकडीला टेकू नये म्हणून दाबाखालची हवा सोडून ते अधांतरी ठेवलेले असे. एवढ्या अवजड यंत्रात पन्नास लाख अक्षरे मावत. पानाला दोन हजार अक्षरे धरली तर अडीच हजार पाने.

रॅमॅकला आपली चकती ओळखावी लागत नसे. दोन्ही एकाच कारखान्यात एकमेकांसाठीच बनलेली. ओळखीचा प्रश्न आला तो चकत्या वेगळ्या विकत मिळू लागल्यावर.

सांगितल्याशिवाय कळत नसे

आयबीएमने १९७१ मध्ये आठ इंची फ्लॉपी आणली, १९७६ मध्ये शुगार्ट कंपनीने सव्वापाच इंची. आपल्याकडे १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ योजनेखाली काही शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले, तेव्हा पुष्कळ शिक्षकांनी फ्लॉपी प्रथम हातात धरली. एका केबलवर दोन फ्लॉपी ड्राइव्ह जोडता येत. मग ‘अ’ कोणता आणि ‘ब’ कोणता? आयबीएमने आपल्या वैयक्तिक संगणकात यावर एक युक्ती केली. चौतीस तारांच्या केबलमध्ये मधल्या काही तारांना एक पीळ दिला. पिळाच्या पलीकडे जोडलेला तो ए, अलीकडचा तो बी. हार्ड डिस्कला सी हे अक्षर का, असे मुले विचारतात, त्याचे उत्तरही यातच आहे. पहिली दोन अक्षरे फ्लॉपींनी अडवलेली होती, आणि फ्लॉपी इतिहासजमा झाल्या तरी ती जागा रिकामीच राहिली. फ्लॉपीची केबल उलटी बसवली तर ड्राइव्हचा दिवा लागतो तो विझतच नाही. इतका प्रामाणिक बिघाड क्वचित सापडतो.

१९८० मध्ये सीगेटने सव्वापाच इंची हार्ड डिस्क आणली, तिची क्षमता पाच मेगाबाइट. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्स-टी मध्ये दहा मेगाबाइटची डिस्क होती. या डिस्क स्वतः मुक्या. आपल्यावर किती वर्तुळे आहेत, किती हेड आहेत, एका वर्तुळाचे किती तुकडे आहेत, यातले काही त्या सांगू शकत नसत. ते माणसाने संगणकाला सांगायचे. १९८४ च्या पीसी एटी मध्ये त्यासाठी छापील तक्त्यासारखी एक यादी यंत्रातच कोरलेली होती. तुमची डिस्क यादीतल्या कितव्या प्रकारची, तो क्रमांक भरायचा. पुढच्या यंत्रांत यादी शेहेचाळीसपर्यंत वाढली आणि सत्तेचाळिसाव्या ओळीत ‘तुमचे तुम्ही भरा’ अशी सोय झाली.

भरलेला क्रमांक एका छोट्या स्मृतीत राही, आणि ती स्मृती एका छोट्या बॅटरीवर जगे. बॅटरी संपली की संगणक तारीखही विसरे आणि डिस्कही. डिस्क शाबूत, तिच्यावरचे एकही अक्षर हललेले नाही, पण यंत्राच्या लेखी ती अस्तित्वातच नाही. जाणते दुरुस्तीवाले ते तीन आकडे कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवत. ज्यांनी ते लिहून ठेवले नाहीत त्यांनी चांगल्या डिस्क मोडीत काढल्या. पडद्यावर चुकीची तारीख दिसली तर आधी बॅटरीकडे पाहावे, ही खूण तेव्हाची. आजच्या संगणकातही तशी नाण्याएवढी बॅटरी असते.

चकती स्वतःचे नाव सांगू लागली

यावरचा उपाय १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात निघाला. कॉम्पॅक आणि वेस्टर्न डिजिटल या कंपन्यांनी डिस्कचे नियंत्रण करणारे मंडल संगणकातून काढून डिस्कच्याच पाठीवर बसवले. ही आयडीई रचना. १९९४ मध्ये अमेरिकन मानक संस्थेने तिला एटीए या नावाने मान्यता दिली. या रचनेत एक आज्ञा आली, तिचा अर्थ ‘तू कोण?’ आज्ञा मिळताच डिस्क ५१२ बाइट्सचे उत्तर पाठवते. त्यात तिचे नाव, अनुक्रमांक, आकारमान सगळे असते. मौज अशी की नावातली अक्षरे जोडीजोडीने उलट्या क्रमाने येतात. ‘सोलापूर’ हा शब्द असा पाठवला तर ‘लासोरपू’ पोहोचेल. वाचणाऱ्याने जोड्या फिरवून घ्यायच्या.

म्हणजे आता ओळख परेडच झाली. पण परेडला एकाच वेळी दोघांनी पुढे येऊन चालत नाही. एका केबलवर दोन डिस्क असत, आणि ‘तू कोण’ ही हाक दोघींनाही ऐकू येई. उत्तर कोणी द्यायचे हे मागच्या बाजूला दोन सुयांवर बसवलेल्या एका चिमुकल्या टोपणाने, म्हणजे जंपरने, ठरे. एका जागी बसवले तर ती पहिली, दुसऱ्या जागी बसवले तर दुसरी. त्या काळी यांना मालक आणि गुलाम असे शब्द होते. पुढच्या मानकांनी ते टाकून साधे शून्य आणि एक हे क्रमांक वापरले, हे बरे झाले. संगणक सुरू होताना दुसरी डिस्क पहिलीला एका तारेवरून ‘मी ठीक आहे’ असा निरोपही देते. दोघींचे जंपर एकाच जागी असले, तर दोघी एकदम बोलतात आणि संगणकाला दोघींचेही काही कळत नाही. वर्गात दोन मुलांनी एकदम उत्तर दिल्यावर आपले जे होते तेच.

याच सुमारास एक वेगळाच घोटाळा लोकांना सतावू लागला. नवी मोठी डिस्क आणावी आणि संगणकाने तिचे ५२८ मेगाबाइटच मानावेत. डिस्क खोटी नव्हती, संगणकही बिघडलेला नव्हता. संगणकाची जुनी पद्धत वर्तुळांचा आकडा १०२४ पर्यंतच लिहू शके, हेड मात्र २५६ पर्यंत. नव्या डिस्कच्या पद्धतीत वर्तुळे पासष्ट हजारांवर चालत, पण हेड सोळाच. दोघांचे जमवायचे तर प्रत्येक बाबतीत लहान आकडा घ्यावा लागे. १०२४ गुणिले १६ गुणिले ६३ तुकडे गुणिले ५१२ बाइट्स. गुणाकार करा, ५२,८४,८२,३०४ येतो. आठवीच्या मुलांना हा गुणाकार देऊन पाहावा. दोन उदार माणसे एकत्र येऊन कंजूष कशी होतात, हे त्यांना पटकन उमगते. ही भिंत ओलांडल्यावर ८.४ गिगाबाइटची, मग १३७ गिगाबाइटची भिंत आली. दर वेळी कारण तेच, कोणीतरी आकड्यासाठी ठेवलेली घरे कमी पडली. आजही जुन्या पद्धतीने विभागलेली डिस्क सुमारे २.२ टेराबाइटच्या पुढे दिसत नाही.

२००३ पासून साटा डिस्क आल्या, त्यांत एका केबलला एकच डिस्क, त्यामुळे जंपरचा तंटा मिटला. यूएसबीच्या खोक्यात घातलेल्या डिस्कचा नेहमीचा बिघाड म्हणजे वीज पुरी न पडणे. डिस्क फिरायला लागते, दम लागल्यासारखी थांबते, पुन्हा फिरते. वेगळ्या केबलने किंवा संगणकाच्या मागच्या बाजूच्या खाचेत जोडून पाहिले की बहुधा भागते.

पहिले पान

डिस्कने नाव सांगितले, आकार सांगितला, तरी तुमच्या फाइली दिसतीलच असे नाही. डिस्कचा अगदी पहिला तुकडा ५१२ बाइट्सचा. त्यातले पहिले ४४६ बाइट्स एका छोट्या आज्ञावलीचे, पुढचे ६४ विभागांच्या नोंदींचे, शेवटचे दोन सहीसारखे. १९८३ मध्ये ठरलेली ही मांडणी कित्येक डिस्कांवर आजही आहे. ग्रंथालयातल्या तालिकेचे पहिले पान फाडले तर पुस्तके कपाटातच असतात, पण मागायची कशी?

हे पान फाडणारे विषाणू १९९० च्या दशकात फ्लॉपींवरून गावोगाव फिरले. त्यातल्या एकाचे नाव जोशी! तो १९९० मध्ये भारतात आढळला. दर ५ जानेवारीला तो संगणक अडवून धरी आणि जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकित करायला सांगे. तशा त्या दिल्या की यंत्र पुन्हा चालू. हा जोशी पहिल्या तुकड्यात घर करी, आणि तिथे पाहायला गेले तर आपल्याऐवजी मूळ मजकूर दाखवी. यामुळे संशय येऊनही काही सापडत नसे. मंकी नावाचा दुसरा विषाणू अधिक घातकी. तो विभागांची नोंद सांकेतिक करून दुसरीकडे ठेवी. संगणक त्याच्यासह सुरू केला तर सारे सुरळीत. शहाण्यासारखे स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू केले तर सी ड्राइव्हच नाही! घाबरून अनेकांनी पहिले पान नव्याने लिहिण्याची आज्ञा दिली, आणि विषाणूबरोबर मूळ नोंदीपर्यंत पोहोचायची वाटही पुसली. विषाणूने डिस्क लपवली होती, गमावली ती उपाय करणाऱ्याने.

आज तीच जागा ‘ही डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करावी लागेल’ या सूचनेने घेतली आहे. तिचा खरा अर्थ इतकाच की संगणकाला पहिली पाने वाचता आली नाहीत. तो मदत म्हणून कोरी वही देऊ करतो. ज्याला जुनी वही हवी आहे त्याने नाही म्हणायचे.

आमच्या डिस्कचे काय झाले

प्रथम वीज बंद करून तार भिंतीतूनच काढली, कॅबिनेट उघडले आणि आतली धूळ ब्रशने हलकेच काढली. मग पुन्हा सुरू करून कान लावला. एक सूं असा चढता आवाज, मग दोन हलके टिकटिक, मग शांतता. हा चांगला आवाज. मोटर फिरते, हेड आपली जागा शोधतात. ठरावीक वेळाने टक्-टक् असे वाजत राहिले असते, तर हेडला वाट सापडत नाही असे समजून तिथेच थांबलो असतो, कारण मग प्रत्येक प्रयत्नागणिक नुकसान वाढते. नुसते गुणगुणणे असते, तर बरीच वर्षे पडून राहिल्याने हेड तबकडीला चिकटले असण्याची शंका होती.

भौतिकीच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर लावला. तीन व्होल्टची बॅटरी १.१ दाखवत होती. नवी घातली, तारीख नीट केली, डिस्क आपोआप शोधण्याची सूचना दिली. तरी डिस्क नाही. केबलची टोके काढून पुन्हा घट्ट बसवली. लाल कडेची तार पहिल्या सुईकडे आहे ना, तेही पाहिले. नाही.

इथे मागावरची कसोटी आठवली. डिस्क दुसऱ्या संगणकावर न्यायची, किंवा याच संगणकावर दुसरी डिस्क लावायची. चूक कोणाबरोबर जाते ते पाहायचे. डिस्क काढण्यासाठी केबल धरली तर तिच्या मधल्या टोकाला सीडी ड्राइव्ह. तो मूळचा नव्हता. २००९ च्या सुमारास दुसऱ्या एका बंद संगणकातून काढून मीच तो इथे बसवला होता, आणि चाचणी न घेता संगणक कपाटात गेला होता. त्याचा जंपर आणि डिस्कचा जंपर एकाच जागी. आठ वर्षे ही दोघे एकदम ओ देण्यासाठी तयार होऊन अंधारात बसली होती. सीडी ड्राइव्हची केबल काढली, संगणक सुरू केला, आणि पडद्यावर डिस्कचे नाव आणि क्षमता उमटली.

लगेच मुलाखती ऐकायचा मोह झाला, पण वीज गेली असती तर काय, हा सोलापूरकरांच्या हाडात भिनलेला विचार कामी आला. डिस्क काढून यूएसबीच्या जोडणीने शाळेच्या चांगल्या, बॅटरीवर चालू शकणाऱ्या संगणकाला लावली. पहिला विभाग उघडला. मुलाखती होत्या त्या दुसऱ्या विभागासाठी संगणकाने विचारले, फॉरमॅट करायचे का? मदतीला आलेल्या तरुण सहकाऱ्याचे बोट ‘हो’वर जाऊन थांबले होते. सवयीने, दुसरे काही नाही. आम्ही ‘नाही’ दाबले आणि एक मोफत आज्ञावली वापरून डिस्कची तुकड्या-तुकड्याने हुबेहूब नक्कल काढायला लावली. ती वाचता येणारे तुकडे आधी उचलते आणि अडलेल्यांकडे नंतर वळते. रात्रभर चालली.

दुसऱ्या विभागाचा पहिलाच तुकडा वाचता येत नव्हता. पण तो विभाग फॅट-३२ पद्धतीचा होता, आणि ही पद्धत ठरवणाऱ्यांनी पहिल्या तुकड्याची एक प्रत त्याच विभागात सहाव्या क्रमांकावर ठेवायची सोय केली आहे. मोजणी शून्यापासून. नकलेत ती प्रत पहिल्या जागी उतरवली. मूळ डिस्कला हात लावला नाही. विभाग उघडला.

अकरापैकी नऊ मुलाखती पूर्ण मिळाल्या. दहावी चौदाव्या मिनिटाला तुटते. आजी आपल्या लग्नात आलेल्या मागाबद्दल सांगत असतात आणि वाक्य अर्धेच राहते. अकरावीचे नाव यादीत दिसते, पण आत काही नाही. ती ज्या आजोबांची होती त्यांच्या नातीला मीच फोन करून तसे सांगितले. सगळ्या मुलाखतींच्या आता तीन प्रती आहेत, एक त्या मुलीकडे, एक शाळेत, एक माझ्या घरी. तो संगणक प्रयोगशाळेत झाकण काढून ठेवला आहे. जंपर मुलेच हलवतात, आणि पडद्यावर डिस्क कधी येते, कधी जाते, ते वहीत लिहून घेतात.